त्या बेरजा मीच केल्या आहेत

मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र स्पीड पोस्टाने आलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. मजकूर थोडक्यात असा. संग्रहातल्या वैमानिकांच्या लॉगबुकांचं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्यांचं, डिजिटायझेशन पूर्ण झालं आहे, जागेअभावी मूळ वह्या ठेवता येत नाहीत, तीस दिवसांत घेऊन जाव्यात, अन्यथा योग्य ती विल्हेवाट लावण्यात येईल. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. सगळं अगदी व्यवस्थित. 'विल्हेवाट' हा शब्द मी याआधी घंटागाडीच्या सूचनेत वाचला होता.

त्यानंतर मी दोनदा तुमच्याकडे येऊन गेले. कार्यालयातला मुलगा फार सालस आहे, त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि "ठराव झालाय काकू" म्हणाला. लेखी उत्तर दिलं, त्याची पोच मिळाली, पण उत्तर नाही. म्हणून आता हे पत्र उघड्यावर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. माझं भांडण ठरावाशी आहे, आणि नाशकात नाव न घेताही ज्याला कळायचं त्याला कळतं.

आधी माझा संबंध सांगते. मी नाशिकरोडच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. आमचे हे तोफखान्यातून एअर ओपीत गेले आणि पुढे आर्मी एव्हिएशनचे, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेचे, वैमानिक म्हणून निवृत्त झाले. एअर ओपी म्हणजे एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट: छोट्या विमानातून वर जायचं, तोफेचा गोळा कुठे पडला ते बघायचं आणि खालच्या तोफांना 'थोडं डावीकडे, थोडं पुढे' असं सांगायचं. आपल्याकडे पहिली एअर ओपी तुकडी ऑगस्ट १९४७ मध्ये उभी राहिली. १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली. ह्यांच्या वहीत त्या महिन्यापासून शिक्का बदललेला आहे. तुम्ही वही उघडली असेल तर दिसला असेल.

२०१९ मध्ये हे गेले. २०२१ मध्ये त्यांच्या तीन वह्या मी स्वतः रिक्षाने आणून तुमच्या हवाली केल्या. पोचपावती माझ्याकडे आहे, आणि तिच्यावर 'कायमस्वरूपी जतनासाठी' असं तुमच्याच लेखनिकाच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

लष्करी वैमानिकाचं एकेक उड्डाण किती ठिकाणी लिहिलं जातं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही लग्नानंतर कळलं. निघण्याआधी ऑथोरायझेशन बुकात नोंद आणि सही. विमानाची स्वतःची वही वेगळी, तिला ते सगळे नुसतं 'सेव्हन हंड्रेड' म्हणतात. आणि तिसरी वैमानिकाची सरकारी लॉगबुक: तारीख, यंत्राचा प्रकार आणि नंबर, मुख्य वैमानिक, सहवैमानिक, काय काम केलं, दिवसा किती, रात्री किती. महिनाअखेरीस गोषवारा आणि त्यावर वरिष्ठांची सही. ही पद्धत इंग्रजांच्या हवाई दलाकडून आलेली. ही वही वैमानिकाच्या नावाची असली तरी ती सरकारी कागद असते.

पण कितीतरी वैमानिक आणखी एक वही ठेवतात, स्वतःची. ह्यांना देवळालीतल्या त्यांच्या सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठाने सांगितलं होतं की सरकारी वहीत तास लिही, घरच्या वहीत उड्डाण लिही. तेव्हापासून ह्यांनी लाल कापडी पाठीच्या, जाड पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या वह्या वापरल्या. रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून मीच आणायचे. व्यापारी जमा-नावे लिहितात त्या वहीत हे पट्टीने रकाने आखायचे. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद. त्याला 'शेरा' म्हणायचे.

आणि पानाखालची बेरीज मी करायचे.

हे देवळालीला असताना ते काम दर महिन्याला व्हायचं. पुढे बाहेर पोस्टिंग असलं की सुट्टीवर येताना वही घेऊन यायचे आणि तीन-चार महिन्यांची पानं एकदम माझ्यापुढे ठेवायचे. जेवणं झाली, मुलगी झोपली, सासूबाईंचं दूध देऊन झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आधी पेन्सिलीने बेरीज मांडायची, ते उलट बाजूने तपासायचे, जुळली की शाईने लिहायचे आणि मी खोडरबराने पेन्सिल पुसायची. मग 'मागील पानावरून' ही रक्कम पुढच्या पानाच्या माथ्यावर. असं वीस-बावीस वर्षं. तेव्हा तुमच्या ताब्यात असलेल्या त्या तीन वह्यांतल्या बेरजा माझ्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी समजते.

आता तक्रारी.

पहिली, आणि माझ्यातल्या मास्तरणीला सगळ्यात झोंबलेली. तुम्ही 'डिजिटायझेशन' म्हणता ते मी तुमच्या दालनातल्या नव्या पडद्यावर पाहिलं. बोट लावलं की ह्यांचा फोटो येतो, खाली एक तक्ता येतो, आणि तक्त्याखाली एकूण तास. तो आकडा बघून मला वाटलं माझा चष्मा चुकला. मग तिथेच उभं राहून मी एक पान हाताने ताडून पाहिलं. एका आठवड्यातली पाच उड्डाणं: ०.५५, १.१०, ०.५०, १.२५, ०.४०. तुमच्या तक्त्यात यांची बेरीज ३.८० आहे.

विश्वस्तहो, हे तास आणि मिनिटं आहेत. ०.५५ म्हणजे पंचावन्न मिनिटं. मिनिटांची बेरीज करा: पंचावन्न, दहा, पन्नास, पंचवीस, चाळीस. झाले एकशे ऐंशी. हातचे तीन. तासांचे दोन. एकूण पाच तास, शून्य मिनिटं. माझ्या वहीत ५.०० लिहिलेलं आहे, १९८५ मध्ये, रात्री साडेदहाच्या सुमारास. घड्याळ साठावर उलटतं, तुमचा एक्सेल शंभरावर. ज्या मुलाने हे टंकलं त्याला मी दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार. पण तपासायला कुणी होतं का? एका पानावर जवळजवळ सव्वा तास गेला. तिन्ही वह्यांत मिळून ह्यांच्या सुमारे ३१०० तासांतले साडेपाचशेहून अधिक तास तुमच्या पडद्यावरून नाहीसे झाले आहेत. आणि ही चूक शोधायची झाली तर ती कशावरून शोधणार? मूळ वहीवरून. तिचीच तुम्ही विल्हेवाट लावणार.

दुसरी तक्रार. शेऱ्याचा रकाना तुम्ही घेतलेलाच नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "तो मजकूर खूप आहे आणि अक्षर लागत नाही." अक्षर लागत नाही हे खरं आहे. मलाही सवय व्हायला दोन वर्षं लागली. पण मग राहिलं काय?

गोदावरीला पूर आला की किती क्युसेक पाणी सोडलं ते पेपरात छापून येतं. नाशिककर ते वाचतो आणि नदीपात्रातल्या मूर्तीचं नाव घेऊन शेजाऱ्याला विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" कमरेला आलं, छातीला आलं, तोंड बुडालं, एवढं कळलं की त्याला पूर कळतो. शेऱ्याचा रकाना हा ह्यांच्या वहीतला मारुती आहे.

एक उदाहरण देते. १९८४ च्या एप्रिलमध्ये 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ह्यांची तिकडे बदली झाली. सियाचिनच्या उंच चौक्यांवर चीता हेलिकॉप्टर जातं. ते यंत्र अशाच विरळ हवेसाठी नावाजलेलं. फ्रान्सचं मूळचं लामा, आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, बंगळुरूला बनवलेलं. त्या मूळ लामाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती. पण तो विक्रम करताना यंत्र रिकामं होतं. इकडे चौकीवर माल उतरवायचा असतो आणि हवा इतकी विरळ की अगदी वरच्या चौक्यांवर एका खेपेला वीस-पंचवीस किलोच नेता येतात. म्हणजे रॉकेलचा एक जेरीकॅन. खाली इंजिन बंद करायचं नाही, कारण तिथे बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. ऊन चढलं की हवा आणखी हलकी होते, दुपारकडे ढगही भरतात, म्हणून पहाटेच निघायचं.

सरकारी रकान्यात अशा खेपेची नोंद म्हणजे 'पुरवठा, ०.५०'. तुमच्या पडद्यावर तर नुसतं '०.५०'. ह्यांच्या शेऱ्यात त्या दिवशी काय आहे ते मला पाठ आहे: "बाहेर उणे २६. जेरीकॅन १, टपाल १ पिशवी. टपाल जास्त झालं म्हणून माझा थर्मास खाली ठेवला. हेलिपॅडवरच्या पोराने आधी टपाल घेतलं, मग रॉकेल."

चार वाक्यं आहेत. त्या वर्षी तिथे माणसं कशी राहत होती, हे मला कुठल्याही भाषणातून इतकं कळलेलं नाही.

दुसरं एक उदाहरण ह्यांच्या वहीतलं नाही, सगळ्यांना माहीत असलेल्या लढाईतलं आहे. लोंगेवाला म्हटलं की आपल्याला हंटर विमानं आठवतात. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी त्या हंटरांना वाळवंटात रणगाडे दाखवणारा माणूस एका चिमुकल्या कृषक विमानात होता: एअर ओपीचे मेजर आत्मा सिंग. तासांच्या हिशेबात ते उड्डाण इतर उड्डाणांसारखंच दिसेल. तासावरून काय कळणार त्याचं? काम कोणतं होतं, तेच तर सगळं आहे. आणि काम शब्दांत लिहिलेलं असतं.

तिसरी तक्रार लिहिताना मला जरा थांबावं लागलं. दुसऱ्या वहीत एक ओळ आहे. तारीख आहे, यंत्राचा नंबर नाही, सहवैमानिकाच्या रकान्यात एक नाव आहे आणि ते नाव मी इथे लिहिणार नाही, कारण त्या घरची माणसं आहेत. वेळेच्या रकान्यात ०.०० आहे. शेऱ्यात दोनच शब्द: "आलाच नाही." त्या दिवशी हे उडाले नव्हते. ज्याच्याबरोबर हे नेहमी जोडीने उडायचे तो दुसऱ्या कुणाबरोबर गेला होता. सरकारी वहीत त्या तारखेला ह्यांच्या नावावर काहीच नाही आणि नियमाने नसणारच. घरच्या वहीत मात्र ही ओळ आहे. सुट्टीवर आले तेव्हा मी ते पान बेरजेला घेतलं, त्या ओळीवर आले आणि वर पाहिलं. हे म्हणाले, "ती पण धर बेरजेत." मी धरली. पेन्सिलीने शून्य मिळवलं.

तुमच्या तक्त्यात ती ओळ नाही. विचारलं तर कळलं की ज्या नोंदीत वेळ शून्य आहे त्या 'निरर्थक' म्हणून संगणकानेच गाळल्या.

चौथी तक्रार छोटी आहे. तुम्ही काही पानं स्कॅन केलीत, तीही काळ्या-पांढऱ्यात. रात्रीचं उड्डाण लाल शाईने लिहायची जुनी रीत आहे. ह्यांनी घरच्या वहीतही ती पाळली. तुमच्या स्कॅनमध्ये रात्र आणि दिवस एकाच रंगाचे झालेत. माझी पुसट राहिलेली पेन्सिल तर अजिबातच दिसत नाही, पण ती जाऊ दे.

पाचवी, नियमांची. तुमच्या पत्रात म्हटलंय की लॉगबुक शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षं जपायची असते आणि ती मुदत केव्हाच संपली. १९३७ च्या विमान नियमांत ती पाच वर्षं आहेत खरी. पण ती नागरी परवान्याच्या वैमानिकांसाठी आहेत, आणि तिथे 'किमान' असं म्हटलं आहे. किमान म्हणजे त्याहून कमी नको. पाच झाली की टाकून द्या, असा अर्थ सातवीतलं पोरही काढणार नाही. शिवाय तो नियम परवाना तपासणाऱ्यांच्या सोयीचा आहे. संग्रहाने तो स्वतःला लावायचा म्हणजे सातबाऱ्याचा कायदा पोथीला लावण्यासारखं झालं.

त्याच पत्रात दुसरं कारण 'संवेदनशील माहिती'. हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. फौजेतल्या माणसाच्या बायकोला काय विचारायचं नाही ते लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळतं. ह्यांच्या घरच्या वहीत चौकीचं नाव, नकाशाचे आकडे, तुकडीची संख्या, यांतलं काहीही नाही. थर्मास आहे, हवामान आहे, 'आज उतरताना डावीकडून वारा' आहे. तरीही शंका असेल तर संरक्षण मंत्रालयाने १२ जून २०२१ ला जाहीर केलेलं धोरण बघा. युद्ध आणि मोहिमांचे कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत आणि त्याहून जुने कागद जाणकारांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत, असं त्यात आहे. ह्यांची शेवटची नोंद १९९६ ची. शंका आली तर कागद तपासायला द्यायचा असतो. तो लगद्याला घालणं ही कुठली सुरक्षितता?

घरच्या वहीची किंमत मला भावनेपोटी वाटते असं कुणाला वाटू नये, म्हणून एक व्यवहारातली गोष्ट सांगते. निवृत्तीनंतर ह्यांना नागरी हेलिकॉप्टर उडवायचं होतं. त्यासाठी लष्करातले तास सही-शिक्क्यानिशी दाखवावे लागतात. ह्यांची एक सरकारी लॉगबुक एका बदलीच्या धांदलीत पेटीसकट गहाळ झाली होती. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, त्यांनी नंतर धावपळही केली. घरच्या वहीवर कुणाची सही नाही, म्हणून ती पुरावा म्हणून चालेना. पण तीच वही उघडून ह्यांनी पत्रं लिहिली: अमुक तारखेला, अमुक नंबरचं यंत्र, तुमच्या युनिटच्या ऑथोरायझेशन बुकात बघा. ज्या युनिटांत जुन्या वह्या अजून निकाली निघाल्या नव्हत्या तिथून दाखले आले. सात महिने लागले. घरची वही नसती तर कुठे बघा म्हणून सांगणार, कुणाला?

त्यात आणखी एक गंमत होती. ह्यांच्या युनिटात वेळ धरायची ती जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत. नागरी नियमात हेलिकॉप्टरची वेळ पाती फिरायला लागल्यापासून ती थांबेपर्यंत. ह्यांनी घरच्या वहीत दोन्ही लिहिल्या होत्या, शेजारी शेजारी. मी कंटाळून विचारायचे, "दोन दोन बेरजा कशाला?" म्हणायचे, "असू दे, कुणीतरी विचारेल." विचारलं खरंच. तुमच्या तक्त्यात मात्र दोन रकाने बघून टंकणाऱ्याचा गोंधळ झाला असावा, कारण काही पानांवर पहिला घेतलाय आणि काही पानांवर दुसरा.

सहावी तक्रार माझ्या एकटीची नाही. असंच पत्र आणखी काही घरांत गेलंय. त्यातली एक माऊली निफाडकडे राहते, मुलगा परदेशी, तिला तीस दिवसांत नाशिकला येऊन कपाटातली वही शोधून नेणं जमणार नाही. एका घरी पत्र पोचलंच नाही, कारण पत्ता जुना, घर विकलं. त्यांच्या वह्यांची विल्हेवाट ते घरी नव्हते म्हणून लावायची का?

हे दुसरीकडे होऊन गेलंय, म्हणून तर जास्त भीती वाटते. ब्रिटिश हवाई दलात दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या लॉगबुका कुणी मागायला आलं नाही, त्या १९६० च्या सुमारास नष्ट केल्या गेल्या आणि नमुन्यापुरत्या थोड्या राखल्या. कारण तेव्हाही जागेचंच असणार. आज तिथली नातवंडं आजोबांच्या वहीसाठी दारोदार विचारत फिरतात. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करत होते, तेव्हा घरमालकांना तो कचराच वाटत होता. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे अशी सूचना निघावी याचं मला वाईट वाटतं.

जागेची अडचण मला मान्य आहे, खोटं कशाला बोलू. सिंहस्थाच्या निमित्ताने बाहेरची माणसं येतील, दालन नीट दिसावं, पडदे लागावेत, हे सगळं बरोबर. पण तिन्ही वह्या एकावर एक ठेवल्या तर वीतभर उंची होते. सगळ्या घरांच्या मिळून एक गोदरेजचं कपाट भरेल. दारातल्या विमानाच्या प्रतिकृतीला केवढी जागा दिली आहे ते मी मोजलेलं नाही, पण नजरेचा अंदाज शिक्षकाला असतो.

विमानांवरून आठवलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, त्या दिवशी ओझरकडची किती माणसं टीव्हीसमोर डोळे पुसत बसली होती. १९६४ पासून एचएएलचा कारखाना तिथे आहे, ती विमानं तिथल्या हातांनी जोडलेली. आता मिग चौकाचौकात चबुतऱ्यावर उभी आहेत, मुलं खाली सेल्फी काढतात. चांगलं आहे. पण चबुतऱ्यावरच्या विमानाला विचारलं की अमक्या दिवशी कुठे होतास, तर ते काय सांगणार? सांगेल ती वही. देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर २००३ पासून आर्मी एव्हिएशनची प्रशिक्षण शाळा, ओझरला विमानं बनवणारा कारखाना आणि हवाई दलाचा दुरुस्ती तळ. इतकी लॉगबुकं लिहिणारी, आणि लिहिणाऱ्यांना जेवायला वाढणारी माणसं क्वचितच एका जिल्ह्यात असतील. आमच्या घरावरून अजून सकाळी चीता-चेतक घरघरत जातात. मी ओटा पुसता पुसता घड्याळ बघते. जुनी खोड आहे.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत. विल्हेवाटीची सूचना लेखी मागे घ्या आणि ज्या ज्या घरी पत्र गेलं त्या सगळ्यांना तसं कळवा. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या वह्यांना हात लावू नका. पडद्यावरचे एकूण तास तपासून होईपर्यंत झाकून ठेवा, चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा रिकामी जागा बरी. पानं रंगीत स्कॅन करा, सगळी करा, शेऱ्याच्या रकान्यासकट आणि शून्याच्या ओळींसकट. जिथे अक्षर लागत नाही तिथे 'अक्षर लागत नाही' असं लिहा, गाळू नका. सुरक्षिततेची शंका असेल त्या वह्या योग्य अधिकाऱ्यांकडे तपासायला पाठवा आणि पाठवल्याची पोच घरच्यांना द्या. आणि हे सगळं खरोखरच झेपत नसेल तर वह्या आपण होऊन दुसऱ्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्या, पण यादी करून, सही घेऊन.

ह्यांच्या वह्या मी परत नेऊ शकते. तसं केलं तर माझ्यापुरता प्रश्न सुटतो. पण मी नेणार नाही. 'कायमस्वरूपी जतनासाठी' दिल्या आहेत आणि तुम्ही घेतल्या आहेत.

गांधीनगरला आज शिकणाऱ्या मुला-मुलींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही एक सांगायचं आहे. तुमच्या सरकारी नोंदी आता संगणकावर असतील, आमच्या वेळेपेक्षा सुबक असतील. तरी एक वही आणा. लिहू नये ते लिहू नका, नियम पाळा, पण शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा. बेरीज करायला घरात कुणी नसेल तर माझ्याकडे या. मिनिटं साठाने उलटवायची सवय अजून गेलेली नाही.

विश्वस्तहो, तक्ते दुरुस्त करायला माणूस हवा असेल तर मी आहे. येत्या मंगळवारी सकाळी अकराला मी तुमच्या कार्यालयात येईन. कापडी पिशवीत पेन्सिली, खोडरबर आणि माझा जुना भिंगाचा चष्मा असेल. ह्यांच्याच नाही, सगळ्यांच्या वह्यांच्या बेरजा करून देईन, पैसे नकोत. फक्त वह्या टेबलावर असू द्या.

कळावे,

एक निवृत्त गणित शिक्षिका,
नाशिकरोड

ता. क. पडद्यावर त्या आठवड्याची बेरीज ३.८० आहे, तिथे ५.०० करा. एवढं मंगळवारची वाट न बघताही करता येईल.